ताजबंद

मुद्रितशोधनात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन सवयी लागतात. एक म्हणजे, समोर जेवणाचं ताट आलं की भात दिसायच्या आधी त्याला ताटावर कोरलेल्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ दिसतो. दुसरी म्हणजे, आपण जे खोडलं ते चूकच होतं, याबद्दल त्याला कधी शंका येत नाही. पहिल्या सवयीनं माझं फारसं नुकसान केलं नाही, फक्त जेवण गार झालं. दुसरीनं काय केलं ते सांगायला हा प्रवास लिहून काढतोय.

प्रवास पुणे ते शिरूर. हे पुण्यात कुणालाही सांगितलं की तो म्हणतो, "अहो, मग त्यात लिहिण्यासारखं काय आहे? स्वारगेटला जायलासुद्धा जास्त वेळ लागतो." पण हे ते शिरूर नव्हे. हे लातूर जिल्ह्यातलं. नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूरच्या अलीकडे एक चौक आहे, तिथून उदगीरचा रस्ता एकीकडे फुटतो आणि मुखेडचा दुसरीकडे. मराठवाड्यात ज्यानं एस.टी.चं तिकीट काढलंय त्यानं या चौकात कधी ना कधी चहा प्यायलेला असतो. माझी थोरली बहीण, आमची ताई, तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या चौकापासून सातआठ किलोमीटर आत, मुखेडच्या बाजूला धानोरा गावात गेली. वडिलांची बदली तेव्हा अहमदपूरला होती, त्यातून जमलेलं स्थळ. बदली संपली, आम्ही पुण्याला परतलो, ताई तिथंच राहिली. या तीस वर्षांत मी तिच्याकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर झोपून गेलो आणि घर आल्यावर उठलो. त्यामुळे "तिकडचा सगळा भाग माझ्या पायाखालचा आहे" असं मी पुण्यात बिनदिक्कत सांगत असे.

ताईला दोन मुली. मोठीच्या लग्नाला मी गेलो नाही. क्रमिक पुस्तकांची मुद्रितं ऐन भरात होती, असं मी तेव्हा कळवलं. इकडच्या लग्नात नवरीला मामानं हात धरून मांडवात आणायचं असतं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. मोठीच्या पाठीशी एक लांबचा चुलतभाऊ उभा राहिला. ताई मला त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही, आणि त्याच गोष्टीची मला भीती वाटत आली आहे. आता धाकटीचं, शिवकन्येचं लग्न ठरलं. नवरा मुलगा नांदेडचा. तिनं स्वतः फोन केला.

"मामा, अक्काच्या लग्नाला तुमी आला नव्हताव. माझ्या लग्नाला न्हाई आलाव तर मी खोलीतून भायेर निघत नसते बगा. मग बसा मुहूर्त मोजत."

मी शब्द दिला. एवढंच नव्हे, तर दाजींनी लग्नपत्रिकेचा मसुदा फोनवर पाठवला, "तुमच्या नजरंखालून जाऊ द्या" म्हणून, तो एका बैठकीत तपासून दिला. सतरा चुका निघाल्या. 'आशिर्वाद'चा 'आशीर्वाद' केला, 'व्याहीं'च्या डोक्यावरचा अनुस्वार उतरवला, पत्त्यातली एक ढोबळ चूक काढून टाकली. पत्रिका इतकी शुद्ध झाली की ती वाचून लग्नाला जावंसंच वाटावं.

लातूर

रात्रभराच्या बसबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी सातला लातुरात उतरलो. मुहूर्त बारा पस्तीसचा, म्हणजे हाताशी भरपूर वेळ होता.

लातुरात देवांपेक्षा सरांचे फोटो जास्त आहेत. प्रत्येक खांबावर कुठले तरी सर हाताची घडी घालून उभे, खाली त्यांनी डॉक्टर केलेल्या मुलांचे चेहरे. पुण्यात चष्मा लावलेल्या माणसाला कुणी रस्ता देत नाही. इथं चष्मा आणि खांद्याला पिशवी दिसली की माणूस आपोआप सर होतो. स्टँडबाहेर गाडीवाल्यानं मला विचारलं, "सर, सुशीला देऊ का? गरम हाय."

मी जरा दचकलोच. मग कळलं की भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी दिली की इकडे तिचं नाव सुशीला होतं. आमच्याकडे पोहे हा शब्द पुल्लिंगी, त्यामुळे असा गोंधळ उद्भवत नाही. सुशीला उत्तम होती. दोन प्लेट खाल्ल्या. गाडीवरच्या पाटीवर 'सूशिला' लिहिलं होतं, ते मी त्याला समजावून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, बायकूनं लिव्हलंय. तिचंच नाव हाय. तिला कोन सांगावं?"

दाजींचा निरोप फोनवर होता : 'शिरूरला उतरा. मोडावर गाडी हाय.' मोड म्हणजे वळण, जिथं रस्ता मोडतो ती जागा. चौकशीच्या खिडकीत विचारलं, "शिरूर?"

"लागलीय की. तिकडं कोपऱ्यात बगा."

आतल्या माणसानं मान वर केली नाही आणि मीही पुढे काही विचारलं नाही, कारण तो भाग माझ्या पायाखालचा होता. बसच्या पाटीवर 'शिरूर अ.पाळ' असं लिहिलेलं होतं. जागा उरली की पेंटर काहीही लिहितात, असं म्हणून ते 'अ.पाळ' मी मनातल्या मनात खोडलं आणि खिडकीपाशी बसलो.

शिरूर, पहिलं

साडेदहाला कंडक्टर ओरडला, "शिरूर, शिरूर!" मी मोडावर उतरलो. मोड होता, लिंबाचं झाड होतं, चहाची टपरी होती. गाडी नव्हती. मे महिन्याचं ऊन असं तापलं होतं की डांबरावर चप्पल चिकटत होती.

टपरीच्या सावलीत एक सत्तरीचे गृहस्थ बाकावर बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक भलंमोठं पितळी घंगाळ. घंगाळाला ते लेकरासारखं धरून बसले होते. त्यांच्या वरच्या खिशातून डोकावणारी पत्रिका मी दहा पावलांवरून ओळखली.

"धानोऱ्याला?" मी विचारलं.

"हाव! तुमी बी?" ते खूश झाले. "या, बसा. मी मन्मथअप्पा, निलंग्याकडचा. नवरदेवाचा मामा हाय मी."

मी नवरीचा मामा, हे ऐकल्यावर त्यांनी उठून मला मिठी मारली. घंगाळ मधे आल्यामुळे ती अर्धीच झाली. मग आम्ही दोन्ही मामा एका बाकावर बसून गाडीची वाट पाहू लागलो. अप्पांनी चहा सांगितला. पाव तास गेला, अर्धा तास गेला. शेवटी टपरीवाल्यानं कप उचलता उचलता विचारलं, "कुठं जायाचंय म्हनलाव?"

"धानोरा. इथून सातआठ किलोमीटर."

"हितून? हितून सात किलोमीटरवर कुटलं आलं धानोरा?" त्यानं पत्रिका घेतली, लांब धरली, वाचली. "लग्नाला का? अहो, ह्ये शिरूर अनंतपाळ हाय. तुमचं शिरूर ताजबंद आसंल. ते तिकडं राह्यलं की, चाकूरच्या पल्याड, नांदेडच्या रोडला. पत्रिकेवर ताजबंद लिव्हाय नको का? नुसतं शिरूर म्हनल्यावर माणूस हितंच येनार."

ताजबंद.

आता सांगून टाकतो. पत्रिकेच्या मसुद्यात 'मु. धानोरा, शिरूर ताजबंद' असंच छापलेलं होतं. त्यावर मी लाल रेघ मारली होती. माझा तर्क असा : 'ता.' हा तालुक्याचा संक्षेप, अक्षरजुळणी करणाऱ्यानं पुढं टिंब दिलं नाही, जागा सोडली नाही, आणि जबंद नावाचा तालुका महाराष्ट्रात नाही. म्हणजे ही जुळणीतली डुलकी. समासात मी व्यवस्थित शेरा दिला होता, 'निरर्थक. काढावे.'

अप्पा उभे राहिले. घंगाळ माझ्या मांडीवर आलं.

"आमच्या निलंग्याला शिरूर म्हंजे ह्येच," ते म्हणाले. "दुसरं शिरूर आमाला ठावं न्हाई. पर ह्या प्रेसवाल्याला तर ठावं पाह्यजे का न्हाई? कोन शिकवलंय ह्याला? लग्नाच्या पत्रिकेत गावाचं नाव अर्धं छापतंय! उद्या नवरीचं नाव अर्धं छापील!"

"हो ना," मी म्हणालो.

"घावू द्या मला. ह्या घंगाळात बुडवतो त्याला."

मी बाजूला जाऊन ताईला फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"ताई, मी चुकीच्या शिरूरला आलोय."

"चुकीच्या म्हंजे? शिरूर एकच हाय की," ती म्हणाली. तीस वर्षांत तिची भाषा पुरती तिकडची झाली आहे. मग तिला उमगलं, आणि ती एकदम खालच्या आवाजात बोलायला लागली. "ये बाबा कसंबी. पोरगी हळद धुऊन बसलीय, तुझी वाट बघायलीय. निघून ये. तेवढं ये."

पत्त्याचं काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. घाई होती, असं मी स्वतःला सांगितलं.

चाकूरची वाट

अकरा वाजून गेले होते. सरळ बस नव्हती. नळेगावपर्यंत एक काळीपिवळी मिळाली. तिच्यात नऊ माणसं बसतात असा शासनाचा समज आहे. आम्ही सतरा होतो, शिवाय घंगाळ. पुण्यात रिक्षात चौथा माणूस बसला तर आम्ही पोलिसांत जातो. इथं सतरावा चढला तर उरलेले सोळा "सरका जरा" म्हणून एकमेकांत विरघळतात आणि जागा होते. ती कुठून होते ते मला अजून कळलेलं नाही.

नळेगावला उतरून चाकूरची दुसरी गाडी धरली. अप्पांनी माझंही भाडं दिलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, "तुमी मुलीकडचे. तुमचं पैसं आज चालत नसतेत." मग त्यांनी धोतराच्या ओच्यातून फडक्यात बांधलेले धपाटे काढले, चार मला दिले, तीन स्वतः घेतले. ज्वारीच्या पिठाचे, तिळाचे, चुलीचा वास असलेले धपाटे. इतकं चांगलं खाणं इतक्या वाईट मनःस्थितीत मी आयुष्यात खाल्लेलं नाही. दर घासाला अप्पा प्रेसवाल्याचा उद्धार करत होते.

"तुमी पुन्याला काय करताव?" त्यांनी मध्येच विचारलं.

"असंच. वाचनाचं काम करायचो."

"पुरान सांगताव का?"

"तसंच काहीसं," मी म्हणालो आणि बाहेर बघू लागलो. बाहेर नांगरून ठेवलेली काळी रानं होती, जिल्हाभर सोयाबीनची वाट पाहत पडलेली. मधेच लातूर रोड स्टेशनकडे बाण दाखवणारी एक पाटी दिसली. लातूर रोड हे स्टेशन लातुरात नाही हे मला माहीत होतं. ते मी अप्पांना समजावून सांगणार होतो, पण सकाळपासून गावांच्या नावांबद्दल बोलायचा माझा हक्क थोडा कमी झाल्यासारखा वाटत होता.

चाकूर पाच-सहा किलोमीटरवर असताना टायर बसला. ड्रायव्हर शांतपणे उतरला. जॅक नव्हता. तो मागून येणाऱ्या गाडीत होता, आणि मागून गाडी येत नव्हती. आम्ही सगळे एका लिंबाच्या सावलीत बसलो. माझं घड्याळ बारा वीस, बारा पंचवीस, बारा तीस दाखवत गेलं.

इकडच्या लग्नांबद्दल मी ऐकून होतो. पत्रिकेवर बारा पस्तीस असलं तरी आधी पाहुण्यांचे फेटे, मग सत्कार, मग शुभेच्छांची भाषणं, मग ज्यांचं राहिलं त्यांची भाषणं, आणि अक्षता तीनला. मी त्यावरच भिस्त ठेवली होती. तेवढ्यात ताईचा फोन आला.

"लागायलंय रे लग्न," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "ते भावी आमदार आलेत. त्यास्नी पुढं अकरा लग्नं हायती म्हने. वेळेवर लावा म्हनून बसलेत. शिवू निघंना झाल्ती खोलीतून. मीच वढून काढली तिला. ऐक, फोन तसाच धर."

आयुष्यभर वेळेवर न लागणारं लग्न नेमकं त्या दिवशी वेळेवर लागत होतं. मी फोनचा आवाज मोठा केला. खरखरीत मंगलाष्टकं ऐकू आली. अप्पा न सांगता उठले, टोपी नीट केली, माझ्या शेजारी उभे राहिले. आमच्यातल्या एका बाईंकडे ज्वारीचं पोतं होतं. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि सगळ्यांच्या मुठीत चिमूट चिमूट ज्वारी दिली. "शुभमंगल सावधान" झालं की आम्ही गाडीतले सगळेजण त्या लिंबाखाली, माझ्या हातातल्या फोनवर ज्वारी टाकत होतो. ड्रायव्हरसुद्धा टाकत होता. शेवटच्या सावधानला बँड वाजला आणि फोन बंद पडला.

मला रडू आलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. अप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आपल्या दोगांची इज्जत त्या प्रेसवाल्यानं खाल्ली बगा."

शिरूर, दुसरं

चाकूरहून अहमदपूरची बस मिळून शिरूर ताजबंदच्या चौकात उतरलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

चौक नावाला शोभेसा आहे. चार दिशांना चार रस्ते, आणि कुठला रस्ता कुठं जातो हे सांगणारी शासनाची मोठी हिरवी पाटी बरोबर मधोमध. त्या पाटीवर वाढदिवसाचं फ्लेक्स ताणून बांधलेलं होतं. त्यावर तेच भावी आमदार हात जोडून उभे होते, ज्यांना पुढं अकरा लग्नं होती. हिरव्या पाटीचा फक्त एक बाण त्यांच्या डोक्याच्या वर उघडा राहिला होता. त्यामुळे नांदेड, लातूर, उदगीर, मुखेड ही चारही गावं वाचकाला आभाळात असल्याचा भास होत होता.

पण तिथं पाटी वाचतंच कोण! प्रत्येक रस्त्याच्या तोंडाला ठरलेली माणसं उभी असतात. ज्यांच्याकडे मोठ्या ट्रंका आणि पोरं, ते उदगीरच्या तोंडाला, पुढं हैदराबाद गाठणारे. फाइल आणि पाण्याची बाटली घेतलेला मुलगा लातूरच्या. पेढ्याचा पुडा आणि डोक्यावर रुमाल बांधलेली मंडळी नांदेडच्या, गुरुद्वाऱ्याला निघालेली. रसवंतीवाल्या मावशी बसल्या जागेवरून सगळ्यांची वाटणी करत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी आमच्याकडे आणि घंगाळाकडे पाहिलं.

"धानोऱ्याच्या लग्नाचे का? थांबा हितंच, मुकेडच्या तोंडाला. वऱ्हाड निघालंय म्हने. हितं नारळ फुटल्याबिगर नवरी पुढं जात नसती. रस घ्या तवर."

ही तिकडची रीत. मुलीकडची माणसं नवरीला घरातून नव्हे, या चौकात निरोप देतात. इथून तिचा रस्ता वेगळा होतो म्हणून. रस घेऊन होतो न होतो तोच मुखेडच्या बाजूनं बँड, एक जीप, फुलांनी मढवलेली गाडी आणि मागे दोन टेम्पो आले. चौक क्षणात तुंबला. चारी बाजूंनी हॉर्न.

पुढच्या जीपमधून पहिल्यांदा उतरला तो जीपचा ड्रायव्हर, गफूरभाई. त्याच्या डोक्यावर भगवा फेटा होता. हा सकाळी नऊपासून या चौकात माझी वाट पाहत थांबला होता. बाराला रिकामा परत गेला, तेव्हा मामासाठी काढून ठेवलेला फेटा ताईनं त्याच्याच डोक्यावर बांधला. नवरीला मांडवात त्यानं आणलं होतं. मला पाहून तो इतका ओशाळला की फेटा सोडायलाच लागला.

"माफ करा सर. वखत न्हवता. भाभी म्हनल्या, तू लहानपनापासून शाळंत सोडून राह्यला तिला, तूच उभा ऱ्हा."

मी त्याचे हात धरले आणि फेटा तसाच ठेवायला लावला.

तोवर अप्पांना दाजी दिसले होते. दाजी म्हणजे माझी बहीण दिलेले गृहस्थ, अंगानं किरकोळ, गावात छोटं किराणा दुकान, आयुष्यात कुणाशी आवाज चढवून बोललेले नाहीत. अप्पांनी घंगाळ रस्त्यावर ठेवलं, त्याचा मोठा आवाज झाला, आणि बँड आपोआप थांबला.

"आमाला बोलवायचं नव्हतं तर तसं सांगायचं!" अप्पा कडाडले. "अर्धा पत्ता छापून सोडलाव रानात! बहिनीचं एकुलतं एक लेकरू, अन् मामाशिवाय अक्षता पडल्या त्याच्यावर. कुनाच्या तरी हातानं उरकलं! हे काय मानाचं लक्षन हाय?"

नवरदेवाचे वडील पुढे आले. "अप्पा म्हनतेत ते दुरुस्त हाय. पत्रिका तुमची. जिम्मेदारी तुमची."

गाडीजवळ एक काकू दुसरीला म्हणाली, "पहिल्याच दिशी मामाचा रुसवा. पोरीला हे जलमभर ऐकावं लागंल." खिडकीशी शिवू बसली होती. मुंडावळ्या तशाच, मान खाली. तिनं ते ऐकलं होतं.

दाजींनी हात जोडले. "चुकलं अप्पा. आमच्याकडनं चुकलं." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. क्षणभर थांबली. ती तशीच पुढं गेली आणि ते पुन्हा अप्पांना म्हणाले, "आमचंच चुकलं."

त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर कदाचित मी काहीतरी सारवासारव केली असती. छापखान्यावर ढकललं असतं. चौतीस वर्षांत मी छापखान्यावर पुष्कळ ढकललेलं आहे.

"अप्पा," मी म्हणालो, "प्रेसवाल्याची चूक नाही. दाजींची नाही. पत्रिकेवर ताजबंद होतं. मी खोडलं. ती पत्रिका मी तपासली होती. मला वाटलं, असा शब्दच नाही."

अप्पा माझ्याकडे पाहत राहिले.

"तुमी?"

"मी."

"सकाळपासून मी ज्याला घंगाळात बुडवायलो व्हतो, ते तुमी?"

"हो."

"अन् माझे धपाटे खाल्लाव! चार!"

पहिल्यांदा रसवंतीच्या मावशी हसल्या. मग गफूरभाई, मग बँडवाले. शेवटी अप्पांच्या मिशा हलायला लागल्या. त्यांनी घंगाळ उचललं, ते शिवूच्या गाडीच्या डिकीत ठेवलं, आणि खिडकीत वाकून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरी, तुझ्या घरच्यांचा काई कसूर न्हाई. तुझा मामाच लई शिकलेला हाय. ह्याच्यावरून तुला कुनी बोललं तर मला निलंग्याला फोन कर." काकूंनी पदर सावरला आणि दुसरीकडे पाहिलं.

नारळ फुटला. मी खिडकीशी गेलो. शिवूचे डोळे लाल होते. मी म्हटलं, "चुकलो गं."

"जेवलाव का?" तिनं विचारलं, आणि शेजारच्या पिशवीतून बुंदीची पुडी काढून माझ्या हातात दिली. मग माझा हात धरून ठेवला. गाडी हलायला लागली तरी सोडला नाही, म्हणून मी अहमदपूरच्या रस्त्याला पंधरावीस पावलं गाडीबरोबर चालत गेलो. मांडवात चालायची होती तेवढीच असतील.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मागे वळलो. ताई टेम्पोत बसून डोळे पुसत होती. दाजी रस्त्यात सांडलेली खोबऱ्याची भकलं वेचत होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि आतापर्यंत गिळलेला प्रश्न, थोडा रागानंच, विचारला.

"दाजी, मला कळलं नाही ते ठीक आहे. पण तुम्ही इथले. मी खोडलं तेव्हा तुम्हाला तरी दिसलं असेल ना? मग परत का नाही लिहिलंत?"

"दिसलं की," दाजी म्हणाले. "शिवू बी म्हनली, 'बाबा, मामानं ताजबंद काढलंय.' तुमी बाजूला लिव्हलं व्हतं, निरर्थक म्हनून. मी लई वेळ बघत बसलो त्याच्याकडं. मग म्हनलं, पुन्याला खोडलंय म्हंजे आपलंच चुकत आसंल. बापजाद्यापासून चुकीचं म्हनत आलो आसू."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.